मामंजींची येझदी आणि वायरीला ठेवलेली माया

कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी धार काढायला बसली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. मी मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीतून बोलतेय. घरी शिलाईचं मशीन चालवते आणि आमच्या बचत गटाचा हिशोब लिहिते. आज मी बोलणार आहे जुन्या मोटारसायकलच्या वायरिंगवर. हसू नका. दोन वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं, तर मीही हसलेच असते.

आमच्या मामंजींची एक येझदी आहे, 1975 सालची. ही गाडी म्हैसूरच्या कारखान्यात बनायची. 1961 पासून तिथे आधी जावा नावानं गाड्या निघाल्या, मग येझदी नावानं, आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. तुमच्यातल्या थोरल्या बायांना ही गाडी आठवत असेल. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि ज्या दांड्यानं किक मारायची तोच दांडा पुढे वळवला की गिअरचा होतो.

मामंजी शहाडला कारखान्यात होते. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री रायत्याच्या पुलावरून एकटे गाडीनं यायचे. सासूबाई सांगतात, तेव्हा रस्त्याला दिवे नव्हते. लांबून तो एकच पिवळा उजेड दिसला की त्या भात गरम करायला घ्यायच्या.

मामंजी गेले आणि गाडी पडवीत उभी राहिली ती चौदा वर्षं. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर पोती, पोत्यांवर कोंबड्या. उंदरांनी वायरी कुरतडल्या. आपल्याकडच्या पावसानं उरलेलं काम केलं. एक दिवस भंगारवाला आला, काटा घेऊनच. आमचे हे म्हणाले, देऊन टाकू, पत्र्याचे तरी पैसे निघतील. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या गाडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. भंगारवाला काटा घेऊन परत गेला.

मग ह्यांनी एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, बॅटरी नवी घातली. इंजिन चालू झालं तसं वाडीतली सगळी पोरं जमली. वायरिंग मात्र त्यानं अर्ध्या दिवसात उरकलं. जुन्या वायरी ओरबाडून काढल्या, सरळ बॅटरीपासून दिव्याला नवी वायर टाकली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि गेला. फ्यूज नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, ताई, काय गरज नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी गाडी पडवीतून बाहेर काढायला हँडल वळवलं, आणि दिव्याच्या मागून धूर आला. किल्ली बंद केली तरी धूर थांबेना, कारण वायर किल्लीतून गेलीच नव्हती. बाजूला भाताचा पेंढा रचलेला, वर टाकीत पेट्रोल. माझ्या हातात कापडाची कात्री होती. त्याच कात्रीनं मी बॅटरीची वायर तोडली. कात्रीची धार गेली, पण पडवी वाचली. त्या रात्री मला झोप आली नाही. गाडी भंगारात द्यायची नाही असं ठरलं होतं. पण ही अशी गाडी घरात ठेवायची नाही, असं मी मनाशी ठरवलं. ती नीट करायची, आणि कशी नीट होते ते आपल्याला कळलंच पाहिजे.

दर मंगळवारी मी शिवलेले कपडे पोचवायला कल्याणला जाते. तिथे जुन्या गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना जळकी वायर दाखवली. त्यांनी ती हातात फिरवली आणि विचारलं, "वहिनी, ही हँडलच्या मानेपाशी घासली होती ना?" मी हो म्हटलं. काका म्हणाले, "वायर आखूड होती. हँडल वळलं की ताणायची. ताणून ताणून वरचं प्लास्टिक गेलं, आतलं तांबं लोखंडाला लागलं." मी म्हटलं, म्हणजे माया ठेवली नव्हती. काका माझ्याकडे बघतच राहिले. शिवणाऱ्या बाईला माया काय ते सांगावं लागत नाही. ब्लाउज बेतताना शिलाईत कापड जास्त सोडतो, ती माया. काका म्हणाले, "अगदी बरोबर. वायरीलाही माया लागते. शिकाल का?"

मी शिकले. जे शिकले ते तुम्हाला सांगते. गाडी तुमच्याकडे येझदी नसेल, राजदूत असेल, बुलेट असेल, नाहीतर मुलाची साधी स्कूटर असेल. नियम तेच आहेत.

पहिली गोष्ट भीतीची. आपण बायका करंट म्हटलं की हात मागे घेतो. घरातला करंट 230 व्होल्टचा, तो जीव घेतो, त्याला भ्यायलाच हवं. माझ्या येझदीची बॅटरी 6 व्होल्टची आहे. तिच्या दोन्ही टोकांना कोरडे हात लावले तरी झटका बसत नाही. पण तिच्याशी खेळही करायचा नाही. झटका बसत नसला तरी ती जाळू शकते. हातात धातूची बांगडी किंवा अंगठी असेल आणि ती बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अडकली, तर क्षणात लाल होते. म्हणून कामाला बसताना पाटल्या, अंगठ्या काढायच्या, मंगळसूत्र पदराआड खोचायचं. बॅटरीत ॲसिड असतं. डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा, बराच वेळ धुवायचा, आणि दवाखाना गाठायचा. बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ चूल नको, विडी नको. आणि इंजिन चालू असताना प्लगच्या जाड वायरीला हात लावायचा नाही, तिच्यात हजारो व्होल्ट असतात.

दुसरी गोष्ट, करंट फिरतो कसा. विहिरीवरचा रहाट आठवा. भरलेली गाडगी वर येतात आणि रिकामी परत खाली जातात. परतीची वाट अडली तर भरलेलीही येत नाहीत. गाडीत तसंच आहे. बॅटरीतून करंट निघतो, फ्यूजमधून जातो, किल्लीतून जातो, बटणातून दिव्यात जातो, आणि दिव्यातून बॅटरीकडे परत येतो. जुन्या गाडीत परत यायला वेगळी वायर पुष्कळदा नसते. गाडीचा सांगाडाच, म्हणजे लोखंडी चासीच, परतीची वाट असते. तिला अर्थ म्हणतात. दिवा लागत नाही म्हटलं की सगळे जाणाऱ्या वायरी तपासतात, परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट फ्यूज. फ्यूज म्हणजे आपण मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी. करंट हद्दीबाहेर वाढला की ती आधी वितळते आणि बाकीचं वाचतं. तो किती अँपिअरचा हवा, ते काकांनी मला पाटीवर मांडून दाखवलं. पुढचा दिवा 35 वॉटचा, मागचा 5, कॉईल धरली साधारण 20. झाले 60 वॉट. 60 ला 6 व्होल्टनी भागलं, 10 अँपिअर आले. वर हॉर्न आणि ब्रेकचा दिवा. म्हणून 15 चा फ्यूज. गेलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळायची नाही, तार बांधायची नाही. घरातल्या मीटरजवळच्या किटकॅट फ्यूजमध्येही जाड तार घालणारे आहेत. दिवा पुन्हा जाऊ नये म्हणून तसं करतात, आणि मग दिव्याऐवजी घर जातं.

आता प्रत्यक्ष काम. मेकॅनिकनं ओरबाडून काढलेल्या जुन्या वायरींचा गुंता मी पडवीतून गोळा करून ठेवला होता. काका म्हणाले, टाकू नका, तोच तुमचा नमुना. मी तो अंगणात चादरीवर पसरला. जुन्या ब्लाउजवरून नवा बेततो तसा त्यावरून नवा बेतला. कुठली वायर कुठून कुठे जाते ते वहीत काढलं. प्रत्येक टोकाला साडीच्या चिंध्यांच्या रंगीत पट्ट्या बांधल्या. पुढच्या दिव्याला पिवळी, हॉर्नला हिरवी, मागच्या दिव्याला लाल. तुम्ही करणार असाल तर आणखी एक करा. काहीही सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, चारही बाजूंनी.

वायर घेताना ऑटोची वायर मागायची, बारीक बारीक तांब्याच्या तारांची, वाकवली तरी न मोडणारी. एकच जाड तार असलेली वायर गाडीच्या हादऱ्यानं तुटते. बॅटरीपासून किल्लीपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची, दिव्यांना दीडची घेतली. 6 व्होल्टच्या गाडीत बारीक वायर चालत नाही, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. तेवढ्याच वॉटच्या दिव्याला 12 व्होल्टच्या गाडीत जितका करंट लागतो, त्याच्या दुप्पट 6 व्होल्टच्या गाडीत लागतो. वायर बारीक असेल किंवा जोड गंजका असेल तर व्होल्टेज वाटेतच सांडतं. आणि साध्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज दहावा भाग कमी झालं तर उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतो. जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणते असं आपण म्हणतो. पुष्कळदा दिव्याचा दोष नसतोच, जोडांचा असतो.

जोड देताना नुसतं पिळून चिकटपट्टी लावायची नाही. टोकाला थिंबल घालून पकडीनं घट्ट दाबायचं, नाहीतर डाख द्यायचा. सगळ्या वायरी काळ्या नळीत घालायच्या. जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचं वायसर बसवायचं, नाहीतर पत्र्याची कड सुरीसारखी कापते. आणि हँडलच्या मानेपाशी माया. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं, वायर कुठेही ताणली नाही पाहिजे.

बॅटरी जोडताना कुठलं टोक चासीला जातं ते आधी खात्री करून घ्यायचं. पुष्कळ जुन्या इंग्रजी गाड्यांत अधिकचं टोक चासीला असायचं. आपल्या अंदाजानं उलटं जोडलं तर नुकसान होतं. गाडीच्या जुन्या पुस्तकात किंवा जाणत्या माणसाकडे बघून मगच जोडायचं.

आणि ही युक्ती तर पाठच करा. नवं वायरिंग झाल्यावर लगेच फ्यूज घालायचा नाही. फ्यूजच्या जागी एक 6 व्होल्टचा बल्ब जोडायचा, किल्ली आणि सगळी बटणं बंद ठेवून. तो बल्ब लख्ख पेटला, तर कुठेतरी वायर चासीला लागलीय, शोधा. नाही पेटला तर तेवढी वाट ठीक आहे. मग किल्ली लावायची आणि एक एक बटण सुरू करून बघायचं. जिथे शॉर्ट असेल तिथे तो बल्ब लख्ख होऊन सांगतो आणि काहीही जळत नाही. मामंजींच्या गाडीला पहिल्या मेकॅनिकनं साधा फ्यूज बसवला असता, तर माझी कात्री वाचली असती.

या सगळ्यात माझे पाच महिने गेले. मधल्या काळात ह्यांनी आणि मुलानं चासी घासून काळा रंग मारला. गाडी नव्यासारखी दिसायला लागली. मागच्या दिव्याची काच कुर्ल्याच्या बाजारातून आणली. आषाढाच्या तोंडावर मी सगळं जोडलं. बल्बची परीक्षा झाली, फ्यूज घातला, किल्ली लावली, बटण दाबलं.

दिवा लागला, पण कंदिलासारखा. हॉर्न घोगरा. आणि ब्रेक दाबला की मागचा दिवाच विझायचा. ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण चेहरा सांगत होता. शेजारचे भाऊजी म्हणाले, वहिनी, मशीनचं काम वेगळं आणि हे वेगळं. काका वारीला गेलेले, त्यांचा फोन लागेना. हे म्हणाले, त्या मेकॅनिकलाच बोलावू का परत?

मी म्हटलं, एक रात्र द्या. रात्री वही घेऊन बसले. जाणारी प्रत्येक वायर मी स्वतः घातलेली, प्रत्येक जोड स्वतः दाबलेला. बॅटरी मीटरवर 6.3 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. दिव्यापर्यंत जाणारी वाट नवी कोरी. मग राहिलं काय? रहाटाची परतीची गाडगी.

सकाळी मी वायरीचा एक लांब तुकडा घेतला. एक टोक पुढच्या दिव्याच्या धातूच्या वाटीला धरलं, दुसरं टोक थेट बॅटरीच्या परतीच्या टोकाला. दिवा असा पेटला की कोंबड्या पळाल्या. दोष सापडला. चासीला मारलेला तो सुंदर काळा रंग! रंगातून करंट जात नाही. जिथे जिथे अर्थची वायर चासीला बसते, तिथे खाली रंगाचा थर होता. करंटला परत यायला वाटच नव्हती, म्हणून ब्रेकच्या दिव्याचा करंट मागच्या दिव्याच्या तारेतून वाट शोधत होता आणि दोन्ही बिघडत होते.

काचकागद घेतला आणि बॅटरीची, इंजिनची, पुढच्या दिव्याची, मागच्या दिव्याची अशी चार ठिकाणं चकाकेपर्यंत घासली. ह्यांना रंग खरवडलेला बघवेना. वायरी घट्ट बसवल्या, गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलीन लावलं. मागच्या दिव्याला मी परतीची वेगळी वायरच टाकली, मडगार्डच्या भरवशावर राहिले नाही. मग किल्ली लावली. लाल दिवा लागला. ह्यांनी किक मारली, रेस वाढली तसा लाल दिवा विझला, म्हणजे डायनॅमो चार्ज करायला लागला. मी पुढचा दिवा लावला.

सासूबाई दारात बसल्या होत्या. उजेड अंगणापार चिंचेपर्यंत गेला. त्या म्हणाल्या, "यांच्या वेळी एवढा नव्हता गं." मी म्हटलं, आत्या, दिवा तोच आहे. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं बघते तर चुलीवर भात गरम करत होत्या.

गाडी अजून रस्त्यावर नेत नाही, हेही सांगते. कागद पूर्ण झाल्याशिवाय न्यायचीच नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, मग तपासणी करून पुढे वाढवतात. तपासणीत दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं बघतात, म्हणून वायरिंग नीट असणं म्हणजे नुसती हौस नाही. दुसरा रस्ताही आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केला. 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण नव्यानं नोंदवायची फी 20,000 रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला, धंद्याला चालत नाही. आमच्यासारख्यांनी दोन्ही बाजू बघून ठरवायचं. आम्ही कल्याणच्या आरटीओत चौकशी लावली आहे. तोवर येझदी अंगणात चालते, आठवड्यातून एकदा. आता तिच्याजवळ धान्याची पोती ठेवत नाही, म्हणजे उंदीर येत नाहीत, आणि पेंढा पडवीतून हलवला आहे.

बायांनो, हे सांगायला आले त्याचं खरं कारण येझदी नाही. या वर्षी आमच्या गटातल्या दोघींनी ट्रॉलीचा मागचा दिवा दुरुस्त केला. गंजलेला अर्थ होता, दुसरं काही नव्हतं. मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रात्री गाड्या आदळतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. एकीनं फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडली. ज्यांच्या मुली दहावी झाल्या आहेत त्यांनी आयटीआयमध्ये चौकशी करा. मुरबाडला आहे, अंबरनाथला आहे. इलेक्ट्रिशियन, वायरमन हे कोर्स मुलींनाही आहेत.

आणि कुणी वायरिंग करून गेलं, तर दारातच दोन प्रश्न विचारा. फ्यूज कुठे बसवला? अर्थ कुठे दिला? तो म्हणाला, ताई, काय गरज नाही, तर पैसे द्यायच्या आधी त्याला परत बसवा.

माझी कात्री मी टाकली नाही. तिच्या पात्यावर वितळलेल्या तांब्याचा डाग आहे. मशीनच्या वर खिळ्याला टांगून ठेवली आहे. चला, भाकरी करपली असेल कुणाची. नमस्कार.